मोतीरामचं सोंग

सुधाकररावांना माझ्या भावाच्या नावानं नाट्यस्पर्धा भरवायची आहे. निरोप घेऊन बाबाराव आला. तो आमच्याच गल्लीतला, हल्ली त्यांच्या दारूच्या दुकानावर बसतो. विजेत्याला ढाल मोतीरामच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या हातून द्यायची म्हणे. मी शाळेत शिकवते, चार लोकांत कसं बोलावं हे मला कळतं, पण हे ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली. यांनी कोणत्या तोंडानं त्याचं नाव घ्यावं?

मोतीरामचं नाव झालं ते दारूविरोधी नाटकामुळं. साक्षरतेचं सरकारी काम निघालं, त्यात दारूविरोधी नाटकंही असायची; पण तामसीकडच्या आमच्या सीमेवरच्या मराठी गावांत तेलुगू नाटक कुणाला कळेना, म्हणून आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांनी मराठीत एक बसवलं. त्यात दारुड्याचं सोंग मोतीरामकडे आलं. तोवर त्यानं थेंबही चाखला नव्हता. तो दारूच्या दुकानासमोर जाऊन बसायचा आणि पिऊन निघणाऱ्यांची चाल बघायचा.

"बाई, पेलेला मानूस डोलत नाही," तो मला म्हणाला. "तो सरळ चालाची कोशिस करते. मनून त्याचं हसू येते."

नाटक रस्त्यावरचं, त्यामुळं पडदा नव्हता. शेवटी दारुडा धाडकन पडून मरायचा. मग टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या ऐकल्या की मोतीराम उठून धूळ झटकायचा, सगळ्यांना जयभीम घालायचा. त्याला उठताना बघायला लोक थांबायचे. बायका डोळे पुसता पुसता हसायच्या. आदिलाबादला मोठमोठ्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेलुगू पेपरात फोटो आला, पार नार्नूरपासून बोलावणी येऊ लागली. बसचा कंडक्टर त्याला पुढची सीट द्यायचा. आमच्या आईबापानं जन्मभर सुधाकररावांच्या पऱ्हाटीत, कापसाच्या शेतात निंदण केलं, आणि आता तेच सुधाकरराव त्याला ओसरीवर खुर्ची देत होते. गावातल्या दारूचा ठेका त्यांचाच. नाटकाला पुढं बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारेही तेच.

त्या खुर्चीनंच घात केला. लग्न असो, बारसं असो, पाहुणे जमले की, मोतीराम, होऊन जाऊ दे सोंग. रिकाम्या गिलासावर भागेना तेव्हा भरलेला हातात दिला. थोडी घेतली तर सोंग आणखी खुलेल म्हणाले. ज्याच्या बापानं त्या ओसरीला कधी नाही म्हटलं नाही, त्या पोरानं घेतली.

मी भांडले, आई रडली. "सोंगच हाय, बाई," तो म्हणायचा. पुढं सकाळी डोळे उघडले की त्याला लागू लागली. नाटकवाल्यांनी त्याला काढून टाकलं. दारूविरोधी नाटकात पिणारा कसा चालेल, म्हणाले. एवढ्या तत्त्वाची माणसं, पण एकानंही त्याला दवाखान्यात नेलं नाही. मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, इथं ठेवा, हळूहळू सोडवू. दुसऱ्याच दिवशी सुधाकररावांची जीप आली आणि त्याला घेऊन गेली.

कारण तोवर सरकारनं पुऱ्या राज्यात दारू बंद केली होती; ही बंदी उठली ती फार पुढं. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात ती मोकळी. तिकडून जीप भरून यायची. नाका आला की मोतीराम आधीच उतरून पुढं जायचा आणि सोंग सुरू करायचा. शिपाई पोट धरून हसत राहायचे, तेवढ्यात जीप निघून जायची. मोतीरामची मजुरी एक बाटली.

मग नाक्यावर नवा साहेब आला. तो हसला नाही. जीपवाल्यानं दोन खोकी रस्त्यावर फेकली आणि गाडी पळवली. खोकी आणि मोतीराम मागं राहिले. सुधाकररावांनी सांगून टाकलं, या पोराला मी फक्त नाटकात पाह्यलं.

मला कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. गावातली काही माणसं माझ्यासोबत बसनं आली, बाबारावही आला. नाक्यामागच्या खोलीच्या खिडकीशी ही गर्दी. आत मोतीराम घामानं निथळत होता, त्याचे हात लटलट कापत होते, आणि अंगावर नसलेल्या मुंग्या तो वेचत होता. शिपाई साहेबाला हिंदीत कौतुकानं सांगत होते, हे याचं नावाजलेलं सोंग आहे, सुटायला करतोय. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, सोंगात याचा हात कधी कापला नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं, याला आत्ता दवाखान्यात न्या. साहेबानं शिपायांकडं पाहिलं. बहीणही नाटकवालीच आहे, असं म्हणून शिपाई हसले.

मोतीरामला माझा आवाज ओळखू आला असावा. तो उठला आणि दाराकडं सरळ चालायला बघू लागला. जिवाच्या आकांतानं, सरळ. खिडकीत हशा पिकला. मग तो धाडकन पडला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला.

टाळ्या पडल्या.

मी शिपायाला ढकलून आत गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "पाहा, आता उठते. जयभीम घालते." आणि ती सगळी माणसं, शिपाई, साहेब, माझ्या गावची माणसं, तो उठायची वाट बघत उभी राहिली.

यातलं काहीच मी बाबारावला सांगितलं नाही. त्याला सगळं माहीत आहे, तोही त्या खिडकीशी होता.

"येईन मी," मी म्हटलं. "ढालही देईन. पन आधी माईक माह्या हाती पाह्यजे. अन् सुधाकररावले सांग, माहं बोलनं झालं का कोनी टाळ्या वाजवू नोका."