पेटी अठराची पिल्लं

पेटी १ : कुत्रा चावत नाही. मालक चावतो.

अशा पिवळ्या चिठ्ठ्या व्हेल्डा प्रुइटच्या खणांवर तेवीस वर्षं चिकटलेल्या होत्या. टॅलो काउंटीच्या दुसऱ्या टपालफेरीवर रस्त्याकडेच्या एकशे बारा पेट्या, म्हणून टपालकचेरीच्या भिंतीला एकशे बारा खण, आणि ज्या घराची जी खोड ती त्या खणावर.

पेटी ७ : म्हातारा बहिरा. हॉर्न दोनदा.

पेटी ११ : नवऱ्याची पत्रं बायकोच्या हातात नकोत.

पेटी १२ : बायकोची नवऱ्याच्या नकोत.

एका घरचं सगळं टपाल एका रबरात बांधायचं आणि एकदम पोचतं करायचं, ही कामाची रीत. रबराच्या आत काय आहे ते व्हेल्डाला बहुतेक वेळा कळायचं आणि माहीत मात्र कधीच नसायचं. नोकरीच तशी होती.

पांढरी रेषा : हिला पेटी नाही, पत्ता नाही.

ती कचेरीच्या दारापासून चार पावलांवर, गाड्या लावायच्या जागेत, विनेल स्टोव्हॉलने स्वतः वाकून रंगवली होती. कमरेत उसण भरली, तरी पुरी केली.

झालं होतं असं. गर्भ पाडायच्या गोळ्या टपालाने मागवणं, पाठवणं, आणून देणं राज्याने बंद केलं. आणून देणाऱ्यावर कुणीही ऐऱ्यागैऱ्याने उठावं आणि दावा ठोकावा. जिंकला तर एक लाख डॉलर त्याचे. पण टपाल पडलं देशाचं, राज्याचं नव्हे. पाकीट फोडायचं तर वरच्या न्यायाधीशाचा हुकूम लागतो. म्हणून रेषेच्या आत देश आणि रेषेच्या बाहेर राज्य. बाहेर घडीच्या खुर्च्या टाकून विनेलची टपाल जागृती समिती बसायची. चौघी बायका, थंड चहाचा घडा, आणि सिनेटर.

सिनेटर हा कुत्रा. गोळ्या हुंगायला शिकवून, चर्चमध्ये केक विकून जमवलेल्या पैशांतून आणलेला. गावातलं औषधाचं दुकान केव्हाच बंद पडलेलं. दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग त्याच्याही आधी. त्यामुळे गावाचं झाडून सगळं दुखणं टपालानेच बरं व्हायचं, आणि सिनेटरला उसंत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तो पाद्रीबुवांच्या पुडक्यावर इतका भुंकला की बुवांना सगळ्यांसमोर सांगावं लागलं, गोळ्या आहेत, पण नेमक्या उलट कामाच्या, पुरुषांच्या. त्या रविवारी पाद्रीणबाई चर्चला आल्या नाहीत. समितीने इतिवृत्तात लिहिलं : "संशयित वस्तू आढळली. कुटुंबवत्सल निघाली."

"काय गं मिस व्हेल्डा," विनेल रोज विचारायची, "आज काय काय आहे पिशवीत?"

"टपाल."

"ते दिसतंय. कसलं?"

"कागदाचं."

"तोंड बघा हिचं. कुलूप लावून किल्ली गिळलीय नुसती."

"गिळलीच असेल. टपालानेच आली होती."

चौघी हसायच्या. विनेलसुद्धा. माणूस वाईट नव्हती ती. व्हेल्डाचा नवरा गेला तेव्हा तिने नऊ दिवस जेवण पोचवलं होतं. आणि त्या नऊ दिवसांत व्हेल्डाच्या कपाटात काय आहे ते गावाला पोचवलं होतं.

पेटी १८ : दिवसा झोपलेली असते. मोठं काही असेल तर शेजारी, मिस विनेलकडे.

ही चिठ्ठी रेना टुलिसने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली. तेव्हा विनेल नुसती शेजारीण होती, समिती नव्हती.

रेना कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची आणि दुपारी तीनपर्यंत झोपायची. दोन मुलं. दुसरं झालं ते हमरस्त्यावर, मालवाहू गाडीच्या मागच्या फळीवर, कारण बाळंतपणाची खोली आता नव्वद मैलांवर होती. किती रक्त गेलं ते तिच्या नवऱ्याने गाडी धुताना पाहिलं, आणि वर्षभराने तो ईशान्येला कामाला गेला तो तिकडचाच झाला. महिन्यातून एकदा यायचा, तेवढाच. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं : तिसरं नको, वाचणार नाही. राज्याच्या वकिलाने तो कागद वाचून विचारलं होतं, नक्की किती नाही वाचणार?

मागच्या सोमवारी रेनाच्या पेटीचं लाल निशाण वर होतं, म्हणजे आत न्यायचं काही आहे. आत पाठवायचं पत्र नव्हतं. चिठ्ठी होती.

"मिस व्हेल्डा, उत्तरेकडून माझ्या नावाचं छोटं काही येईल. शनिवारच्या आत हवं. शनिवारनंतर उपयोग नाही. चिठ्ठी फाडून टाका. र."

व्हेल्डाने ती फाडली, आणि तुकडे वाटेतल्या तीन वेगवेगळ्या गावांच्या कचऱ्यात टाकले.

तेव्हापासून तिला झोप नव्हती. कारण पेटीसमोरच्या पीकनच्या झाडाला समितीने कॅमेरा बांधला होता. हरणं टिपायचा. ह्या भागात बाळाच्या बारशाचा फोटो नसेल, पण हरणाचा असतोच, तेव्हा कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. पेटीजवळ काही हललं की फोटो थेट विनेलच्या फोनवर. टपाल अकराला पडायचं, रेना तीनला उठायची. मधले चार तास पेटी आणि विनेल. दोनच आठवड्यांपूर्वी पेटी चाळीसच्या पोरीचं एक पुडकं असंच पेटीतून आपोआप पडलं, आपोआप चारशे पावलं चाललं आणि खड्ड्यातल्या पाण्यात सापडलं. ती पोर आता चौथ्या महिन्यात होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

दार ठोठावून हातात द्यावं, तर तोही फोटो. मग वकील, मग विचारणा, मग एक लाख. व्हेल्डाचं घर विकून साठ हजार आले असते.

पेटी १९ ते ११२ : ह्या गोष्टीत येत नाहीत.

(येतात. त्यांच्यातल्या तिघींना व्हेल्डाने ह्याच वर्षी तसलंच छोटं काही पोचवलं होतं. पण त्या वेळी झाडाला कॅमेरे नव्हते, आणि त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, तर इथे कशाला.)

गुरुवार.

पहाटे गाडी आली तीच चिवचिवत. ईस्टर जवळ आला की अंडी उबवणारे एक दिवसाची पिल्लं टपालाने धाडतात, भोकं पाडलेल्या खोक्यांतून. तीन दिवसांत घरी गेली नाहीत तर मरतात. म्हणून त्या दिवसांत गावाचा रिवाज असा, की जो ज्या बाजूला जाणार त्याने वाटेतल्यांची खोकी न्यायची. पिल्लांपुढे भांडण, निवडणूक, सगळं बाजूला ठेवायचं.

"तुझी नऊ खोकी," पोस्टमास्तर ओडिस म्हणाला. "आणि ऐक, मला त्या बाईसमोर काही विचारू नकोस. मागच्या वेळी माझ्या मुळव्याधीची गादी तिच्या कुत्र्याने अख्ख्या गावाला सांगितली."

एक खोकं अठराचं होतं. दहा पिल्लं, रेनाच्या मुलांसाठी. अठराच्या खणात विजेचं बिल, बियाण्यांचं सूचीपत्र, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरं पाकीट. दोन औंसांचं. वर पाठवणाऱ्याचं नाव असं गुळमुळीत, की कुणीच नसल्यासारखं.

व्हेल्डाचे हात रीतीप्रमाणे चालले. बिल, पाकीट, सूचीपत्र, रबर. रबरासकट खोक्यावर ठेवलं, वरून दोरी. एका घरचं सगळं एकत्र.

ती खोकी घेऊन बाहेर आली आणि सिनेटर उठला. भुंकायला लागला. रेषेवर दोन पाय टेकून, मान ताणून, जीव तोडून.

"गप रे, पिल्लं आहेत ती!" विनेल म्हणाली. "ह्याला पिल्लं दिसली की धर्म आठवत नाही. कुणाकुणाची गं?"

व्हेल्डाने सांगितलं.

"रेनाची? दे इकडे. मी घरीच चाललेय. तुला तिथे पोचायला अकरा होतील, उन्हात मरायची बिचारी." मग आवाज खाली आणून, "आणि तेवढ्याने दार तरी उघडेल ती. रविवारी पाहिलंस? भजन चालू असताना दोनदा बाहेर पळाली. पोटातलं काही लपत नाही माझ्यापासून. म्हणावं, पिल्लं घे आणि सांग काय ते."

व्हेल्डाच्या एका हातात खोकं होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा रबराखाली होता.

काढायचं? काढलं, तर तीन कागद सुटे होणार, आणि चौघी बघणार कुठला ठेवून घेतला. नाही काढलं, तर ही बाई, हा कुत्रा, हे पाकीट, एका गाडीत दीड मैल.

"बाई, देतेस की पिल्लं उबवतेस?" विनेल म्हणाली.

"चिठ्ठीत तुझंच नाव आहे," व्हेल्डा म्हणाली. "सगळं एकत्रच द्यायचं हं. रबर सोडू नकोस, नियम आहे."

"नियम मला शिकवते!" विनेलने खोकं पोटाशी धरलं. खोक्यासकट तिने पांढरी रेषा ओलांडली, देशातून राज्यात.

दीड मैल.

व्हेल्डाची गाडी तिच्या मागे, पेट्या घेत घेत; विनेलही दिसेल त्याच्याशी बोलायला थांबत. टपालवाली जास्त थांबली की लोक खिडकीत येतात, म्हणून रेंगाळायचं नव्हतं आणि जोरातही जायचं नव्हतं. पेटी ३. पेटी ४. पुढच्या गाडीत मागच्या काचेशी सिनेटर खोक्यावर थुईथुई नाचत होता, आणि विनेलचा हात मागे येऊन त्याला चापट्या मारत होता. पेटी ७. हॉर्न द्यायचा राहिला. पेटी ११ मध्ये तिने बाराचं टाकलं आणि बारामध्ये अकराचं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. (त्या दोन घरांचं काय झालं ते गावाला उन्हाळाभर पुरलं.)

वळणावरून पेटी अठरा दिसली तेव्हा विनेल दारात उभी होती. दार फटीएवढं उघडं. विनेल बोलत होती. हात हलवत होती. मग तिने खोक्यावरचं पुडकं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

व्हेल्डाने पेटी १६ मध्ये हात घातला आणि तसाच ठेवला.

विनेलने सूचीपत्रावरच्या टोमॅटोच्या चित्राला बोट लावलं. काहीतरी मोठ्याने सांगितलं. टोमॅटो ह्या मातीत येत नाहीत, असंच असणार. ती सगळ्यांना तेच सांगते. मग खोकं आणि पुडकं दोन्ही फटीतून आत गेलं आणि दार लागलं.

विनेल माघारी वळली, झाडावरच्या कॅमेऱ्याला पाहून सवयीने हसली, आणि केस सारखे केले.

शनिवार.

चर्चच्या दालनात समितीची बैठक. केळ्याचं पुडिंग, पडदा, आठवड्याचे फोटो. पेटी दोन : कचरा उकरणारं रॅकून. पेटी नऊ : रॅकून. पेटी अठरा : विनेल, एका हातात खोकं, दुसऱ्या हातात पुडकं, दाराशी, हसरी. रबराच्या बाजूने पांढऱ्या कागदाची बोटभर कड.

"ही मी," विनेल म्हणाली. "शेजारधर्म. कायदा आपल्या जागी, पण माणसाने माणसाच्या दारी जायला हवं."

टाळ्या झाल्या. पाद्रीबुवा म्हणाले, हा फोटो मोठा करून टपालकचेरीच्या वाहनतळात लावू या. विनेल लाजली आणि हो म्हणाली.

मागच्या रांगेत व्हेल्डाने पुडिंगची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली. गेल्या दोन दिवसांत तिला पहिल्यांदाच भूक लागली होती.

पेटी १८ : लाल निशाण वर.

मंगळवारी. आत चिठ्ठी.

"दहाच्या दहा जगली. मी पण."

ही व्हेल्डाने फाडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत येऊन ती अठराच्या खणावर, जुन्या पिवळ्या चिठ्ठीच्या मागे, चिकटवून टाकली.

बाहेर रेषेवर विनेल चहा ओतत होती. तिच्या मागे, वाहनतळाच्या भिंतीवर, तिचाच दोन हात उंच फोटो.

"मिस व्हेल्डा! अजून कुणाची पिल्लं यायचीयत का गं त्या बाजूची? सांग हो. मला काही जड नाही."

व्हेल्डाने मागे वळून खणांकडे पाहिलं. आत, चाळीसच्या खणात काही नव्हतं. त्याला फार उशीर झाला होता. पण सदुसष्टच्या खणात आज सकाळीच दोन औंसांचं काही येऊन पडलं होतं, आणि सदुसष्टवाल्यांनी बदकं मागवली होती.

"पिल्लं नाहीत," ती म्हणाली. "बदकं चालतील?"