पुलाचा तवा

बस इथं गा, खुर्ची ओढून घे. चोर सापडला, माल सापडला, अन् तरी ज्याची चोरी झाली तोच मान खाली घालून बसला, अशी एक गोष्ट सांगतो तुले.

विहंग नव्यानं छापून आलेल्या जुन्या गाण्यायच्या तबकडीचं प्लास्टिक फाडणार, तेवढ्यात ओमप्रकाशनं तिच्यावर हात ठेवला.

"थांब. पयले बोलणं, मंग वाजवणं."

गाण्याच्या तबकडीले ही मंडळी तवाच म्हणे. अन् हा तवा म्हणजे विलायतेतल्या चार केसाळ पोरायनं पन्नास वर्षांमागं काढलेला. पाकिटावर मोडका लोखंडी पूल. त्याचं खरं लांबलचक नाव कोणी घेत नसे, पुलाचा तवा म्हटलं का झालं. दर रविवारी दुपारी ओमप्रकाशच्या बैठकीत ह्याच्यावरच भांडण. भांडणारे तीन. ओमप्रकाश, त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त गिरिधर, अन् वरच्या माळ्यावर राहणारा विहंग, कंप्युटरवाला.

पण आजचा रविवार शेवटचा होता. गिरिधरचं घर विकलं गेलं, मंगळवारी पोरगी अदिती त्याले कायमचा पुण्याले नेणार. म्हणजे जे विचारायचं ते आजच.

"काकाजी, खरं सांगू?" विहंग म्हणाला. "तुमचा अल्बम चांगला नाही. तुमची जवानी चांगली होती."

"म्हणजे पन्नास वर्षं हा आमच्या गुडघ्यांवर टिकला?" गिरिधर हसला. "अरे, तो गाणारा बघ. रडत नाही, पण रडू येईल म्हणून घाबरतो. ते कधी जुनं होतं का?"

"गाणाऱ्याचं सोड," ओमप्रकाश म्हणाला. "तिसऱ्या गाण्यातला गिटारचा चढ. ज्याले तो तोंडानं म्हणता आला, त्यालेच हा तवा समजला. म्हण गिरिधर."

ओमप्रकाश नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातला धान्याचा अडत्या. सारी उमर दुसऱ्याच्या पोत्यात लोखंडी परखी खुपसून मधातला दाणा काढून पाहण्यात गेली. वरचा दाणा सगळ्यायचाच चांगला राहते, म्हणे तो. माणसायलेही तसंच पाहे. अन् हा चढ म्हणून घेणं म्हणजे त्याची परखी होती.

कारण असं का, अठ्ठ्याऐंशी साली त्याचा पुलाचा तवा घरातून चोरीले गेला. जायच्या आठ दिवस आधी त्याच्याच हातून सुई घसरली होती. त्या चढाले सहा पायऱ्या. ओरखडा पडल्यापासून गिटार तिसरीवरून सरळ सहावीवर उडी मारे. शरमेनं त्यानं हे कोणाले सांगितलं नाही, म्हणजे जो ती उडी मारून म्हणन, तवा त्याच्याचकडे. अन् त्या आठ दिवसात बाहेरचा माणूस घरी आला तो एकटा गिरिधर.

दोस्ती तुटली नाही, पण तव्यायच्या कपाटाले कुलूप लागलं. गिरिधर बसला असला का ओमप्रकाश पाणी आणालेही उठे नाही. गिरिधरले समजत नव्हतं थोडंच! निघताना दर वेळी आपली झोळी उलटी करून झटके, "बघून घे, ओम," म्हणे अन् हसे. ते हसणंही ओमप्रकाशले पक्क्या चोराचं वाटे.

गिरिधरनं डोळे मिटले अन् गुणगुणला. ओमप्रकाश मांडीवर बोटं मोजून राहिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पूर्ण.

मोबाइलवर आयकून पाठ केला असन, त्याच्या मनात आलं.

"अजून एकदा."

पुन्हा सहा. गिरिधरनं डोळे उघडले. ह्या बारीले तो हसला नाही.

"इतकी वर्षं तपासतोयस. आता तरी पास कर रे."

ओमप्रकाश काही बोलणार, तेवढ्यात सैपाकघरातून आवाज आला. त्याची बायको रंभाबाई भजे तळून राहिली होती. ह्या गाण्याले ती जलमभर ट्रकचा ब्रेक म्हणत आली. तीच आता गिरिधरच्या मागून तंद्रीत गुणगुणून राहिली होती. एक, दोन, तीन. अन् सरळ सहावी.

विहंग हसला. "काकू, मधातल्या दोन पायऱ्या खाल्ल्या तुम्ही!"

"तसंच आहे ते," ती आतून म्हणाली. अन् कढईतला झारा थांबला.

ओमप्रकाश उठून आत गेला. कोपऱ्यात गव्हाची कोठी होती. साऱ्या बाजाराच्या पोत्यात हात घातला त्यानं, ह्या कोठीत कधी नाही. झाकण काढून त्यानं कोपरापर्यंत हात घातला. पयले कडुनिंबाचा पाला लागला, मंग तव्याच्या पाकिटाचा कोपरा.

"काय वं हे?"

रंभाबाईनं मान वळवली नाही.

"तवा लागला का मले बैठकीतून उठवत होते तुम्ही. तुले काय समजते म्हणत होते. तुम्ही कळमन्याले गेले, का मंग मी लावत होती. मागितला असता त देला असता?"

ओमप्रकाशनं कोठीतला हात काढला. झाकण होतं तसं लावलं.

"सरका, भजे जळून राहिले माझे."

बाहेर येऊन त्यानं कंबरेची चावी सोडली, कपाट उघडलं अन् पल्ले सताड उघडे टाकले.

"गिरिधर, पुण्याले जे न्यायचं ते ने."

"काय झालं रे?"

"काही नाही. तुझ्यासाठी पाणी आणतो."

अन् विहंगले हाताले धरून तो बाहेर निघून गेला. माठ चार पावलांवर, पण वीस मिनिटं पाणी काही आलं नाही.

निघताना गिरिधरनं सवयीनं झोळी उलटी कराले घेतली. ओमप्रकाशनं ती त्याच्या हातातून काढली, न पाहता त्याच्या खांद्यावर टाकली, अन् खांदा काही सोडला नाही.

संध्याकाळी विहंगनं नवा तवा लावला. तिसरं गाणं आलं. रंभाबाई हात पुसत दारात उभी राहिली. गिटार चढली, सहाच्या सहा पायऱ्या. तिनं नाक मुरडलं.

"बिघडलेला दिसते हा."

"हो," ओमप्रकाश म्हणाला. "बस वं इथं."

त त्यायच्या घरी तू कधीमधी जातच असशीन. बाई गुणगुणताना दिसली, त एवढं कर गा माझ्यासाठी. मधातल्या त्या दोन पायऱ्या तिले सांगजो नको.