काठी दाऊरच्या हातात

डाकारच्या या इस्पितळात मनाच्या रोग्याला एकट्याला ठेवून घेत नाहीत. घरचं एक माणूस सोबतीला लागतंच. त्यानं रोग्याच्याच खोलीत निजायचं आणि त्याच्याच थाळीत जेवायचं. दाऊर माझा धाकटा भाऊ, म्हणून सोबतीण मी. किनाऱ्यावर मासळी धुरावर सुकवते, तोंड फटकळ आहे, आणि माझ्या मासळीला नावं ठेवायची घरात कुणाची छाती नाही.

मासेमारीची होडी समुद्रात उलटली तेव्हा माझे दोन्ही भाऊ तिच्यात होते. दाऊर सापडला. थोरला मागेय सापडला नाही. तेव्हापासून दाऊर बोलायचाच बंद झाला. बाधा उतरवायला ढोल वाजवून झाले, बैल कापून झाला, ताईत तर इतके बांधले की गळा दिसेना. शेवटी इथं आणलं.

आणि इथलं औषध काय, तर सभा! अंगणात कडुनिंबाखाली चटया अंथरायच्या आणि डॉक्टर, नर्सा, रोगी, सोबती, सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बसायचं. सभेचा मुखिया रोज एक रोगी. काठी त्याच्या हातात. तो ज्याचं नाव घेईल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी हात वर करून वाट बघायची. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा. पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. वेड्यांच्या हातात काठी आणि शहाणे हात वर करून बसलेले!

मी मात्र लवकर रुळले. दाऊरचं नाव घेतलं की मीच बोलायची. दाऊरला झोप नाही, दाऊरला भात जात नाही, दाऊरला आईची आठवण येते. सोबतिणीनं आपल्या माणसाच्या वतीनं बोलायचं, ही तर रीतच आहे.

एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्दुम्बेअक्का, तुम्ही बोलता छान. पण त्याला जागा कुठं उरते?"

"वा! मी गप्प बसले तर तुम्हाला कोण सांगणार, ही भिंत?"

त्या नुसत्या हसल्या. मला ते हसू झोंबलं.

अशात काकांचा निरोप आला. घर थकलं, आता पुरे; गुरुवारी येऊन दाऊरला घेऊन जातो, परसातल्या खोलीत ठेवू. ती खोली मला ठाऊक होती. आमची एक आत्या त्या खोलीत गेली ती मेल्यावरच बाहेर आली. मी डॉक्टरीणबाईंना विनवलं, गोळी द्या, सुई द्या, काहीही करा, पण गुरुवारच्या आत याच्या तोंडून एक शब्द काढा. "शब्द काढता येत नाही हो अक्का," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सभा बसली. आदल्या दिवशीची मुखिया तेनिंगआजी; काठी पुढं कुणाला द्यायची ते तिनं ठरवायचं. इतर वेळी झाडांना शिव्या घालत हिंडायची. तिनं उठून काठी सरळ दाऊरच्या मांडीवर ठेवली.

"अहो आजी, तो बोलत नाही!" मी ओरडले.

"काठी तुझ्या हातात आहे का गं? नाही ना? मग मीट तोंड."

मी तोंड मिटलं. दाऊर काठीकडे बघत राहिला. मुखियानं नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून कुणीच बोललं नाही. चहाचा पहिला पेला निवला. कुणी तरी दुसरा ओतला, तोही निवला. रोग्यांतला एक पोरगा, ज्याला एरवी एका जागी बसवत नाही, तोही गुडघे आवळून बसून होता. कावळा ओरडला तर तेनिंगआजीनं त्यालाच डोळे वटारले. मी जन्मात इतकी माणसं इतकी गप्प बघितली नव्हती, मशिदीतसुद्धा नाही. सगळी माझ्या भावासाठी गप्प होती. आपण कुठल्या तरी फार मोठ्या जागी बसलोय असं वाटलं, आणि बसले होते ते त्याच फाटक्या चटईवर.

तेवढ्यात काका आले. "चला, आवरा—" म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे बघून तिथंच थांबले. मग चपला काढून कडेला बसले.

दाऊरनं काठी उचलली. ओठ हलले. घोगरा, गंजलेला आवाज आला.

"मागेय. तू बोल."

मेलेल्या माणसाचं नाव त्यानं घेतलं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी समजूत घालेल, कुणीतरी रडेल. कुणी हललं नाही. कुणाचंही नाव घेतल्यावर थांबतात, तसे सगळे थांबले. तेनिंगआजी तर सरकली आणि आपल्या शेजारी चटईवर जागा करून दिली.

त्या रिकाम्या जागेकडे आम्ही सगळे बघत होतो. मागेय बोलेल असं मला खरंच वाटलं.

"तो बोलत नाही," दाऊर म्हणाला. "मग सोबती मी. त्याच्या वतीनं मी बोलतो."

तो बोलला. धरून तरंगायला पेट्रोलचा रिकामा डबा एकच होता. दोघं लटकले की बुडायचा. दाऊर हात सोडणार होता, पण मागेयनं आधी सोडला.

"सोडताना तो हसत होता. म्हणाला, अक्काला सांग, तिची मासळी खारट असते. तोंडावर सांगायची कधी हिंमत झाली नाही." दाऊरनं डोळे पुसले. "मी आलो आणि तो नाही, हे अक्काला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून काहीच सांगितलं नाही."

काकांनी मान खाली घातली होती. डॉक्टरीणबाई रडत होत्या, आणि त्यांनीही हात वर केला नव्हता.

हात एकच वर होता. माझा. कधी केला ते मलाही कळलं नव्हतं.

"बोल, अक्का," दाऊर म्हणाला.

इतके दिवस मी त्याच्या नावानं केवढं बोलले होते. आता जीभ उचलेना.

"खारट असते रे," मी म्हणाले. "असतेच खारट."