काशीबाईचा क

त्या सकाळी विष्णुभाऊंच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. भात कापायला आलेलं, पण अर्धं निडी गाव कोयते टाकून तिथं जमलं होतं. पडवीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोणी हात न लावता अक्षरं उमटत होती. कककककककक.

"काशीबाय आली गो!" शेजारची गिरजाबाई किंचाळली आणि हात जोडून खालीच बसली.

काशीबाई म्हणजे विष्णुभाऊंची बायको. आषाढात गेली. कॉम्प्युटर तिच्या सुनेचा, प्रणिताचा. गावाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज ती इथंच भरते. नाहीतर कागदाकागदाला रोहा गाठावं लागतं.

खुर्चीवर मांडी घालून बसला होता खांब गावचा मांत्रिक, दिनानाथ भगत. "माझं नेटवर्क थेट वर हाय! टॉवर लागत नाय, रिचार्ज लागत नाय!" म्हणत त्यानं कीबोर्डवर विभूतीचा अंगठा फिरवला. "बोल काशी!" की ककककक सुरू. टेबलावर नारळ आपटला, "थांब काशी!" की बंद. पडवी शहारली.

"काय म्हणते ती?" विष्णुभाऊंनी विचारलं. आठ दिवस ते रोज पडद्यासमोर बसून त्या 'क'ला शेताची हकीगत सांगत होते.

"म्हणते, सुनेनं घरात यंत्र घातलं म्हणून मला गती नाय. अवसेच्या आत हा डबा कुंडलिका नदीत बुडवा. आन् सुनेनं परत बटणाला बोट लावायचं नाय."

विष्णुभाऊंनी मान डोलावली. प्रणिताचा नवरा कंपनीत, पहिल्या शिफ्टला. बाकी बाप्ये जमिनीकडे बघत राहिले. यांचेच अर्ज त्या पोरीनं भरलेले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मीही तिथंच होतो आणि मीही गप्प होतो, हेही लिहून ठेवतो.

प्रणिता पुढं आली. "भगत, माझी सासू अंगठा लावायची. तिला 'क' कधी आला?"

"मेल्यावर समदं ज्ञान येतं."

"बरं." तिनं कीबोर्डची वायर उपटली. भगतानं अंगठा फिरवला, पडदा गप्प. "गेली का?" तिनं विचारलं.

"डब्यात दडली!"

"डब्यात ना? मग या कीबोर्डात तर नाय. तुमचा फोन द्या."

भगत चुळबुळला. "द्या की, भिता काय?" गिरजाबाईच म्हणाली.

प्रणितानं एक छोटी पिन लावून कीबोर्ड त्याच्या फोनला जोडला. लिहायची जागा उघडली आणि त्याच्याचसारखा अंगठा फिरवला. फोन इंग्रजीवर होता, त्याच बटणाचे के, के, के धावत सुटले.

"अगो बाय, काशी इंग्रजी शिकली!" गिरजाबाई म्हणाली आणि पडवीत पहिल्यांदा हसू फुटलं.

"आता बुडवा तुमचा फोन," प्रणिता म्हणाली.

भगतानं नारळ आपटला. के थांबले. "बघा, मंत्राचं बळ!"

तिनं परत अंगठा फिरवला, के धावले. तिनं टेबलावर मूठ हाणली. थांबले. "माझ्या मुठीत पण देव आलाय. पाया कोण पडतो?"

 तिनं चमच्याच्या दांड्यानं 'क'चं बटण उचकटलं. खाली हळद-कुंकवाचा चिकट राडा, झेंडूची एक पाकळी आणि दोन मेलेल्या मुंग्या.

"दसऱ्याला पूजा कोणी केली याची?"

आमच्याकडे दसऱ्याला कोयता पुजतात, ट्रॅक्टर पुजतात, शिलाई मशीन पुजतात. विष्णुभाऊ हळूच म्हणाले, "मी. दरसाल ती करायची. नारळ फोडला, पाणी शिंपडलं."

"ते गोड पाणी आत वाळलं, बाबा. बटण दाबलं की चिकटतं, वर येत नाय. दाबलेलं राहिलं की तेच अक्षर लिहीत सुटतं. भगताचा अंगठा नेमका त्याच बटणावरून फिरतो. नारळाच्या धक्क्यानं ते सुटतं. एवढाच चमत्कार."

तिनं ओल्या फडक्यानं राडा पुसला, पंख्याखाली कीबोर्ड वाळवला, बटण बसवलं आणि तो परत कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर कीबोर्डचं चित्र उघडलं. चालणारं बटण दाबलं की चित्रातला चौकोन हिरवा होतो. एकेक करत सगळे हिरवे झाले. 'क'सुद्धा. मग कोरं पान उघडून तिनं एकदाच 'क' दाबला आणि हात मागे घेतला. मिनिटभर सगळी निडी श्वास रोखून बघत होती. एकच 'क'. दुसरा आला नाही.

भगत तेवढ्यात चपला शोधायला गेला होता. त्याला त्या लगेच सापडल्या.

विष्णुभाऊ पडद्याकडे बघत होते. "म्हंजे ती नव्हतीच?"

"नव्हती, बाबा." प्रणिता त्यांच्या शेजारी बसली. "मला रोह्याला कॉम्प्युटर क्लासला कोणी धाडलं? तुम्ही नको म्हणत होता, गाव नको म्हणत होता. आई सगळ्यांशी भांडल्या. त्या हे बुडवा म्हणतील?"

 म्हातारा उठला. भगताचा नारळ टेबलावरच राहिला होता. तो सुनेच्या हातात दिला. "कालवणात घाल," म्हणाला. "आन् तुझा धंदा बंद करायचा नाय."

निडीकरांनो, राग आला तर येऊ द्या. मेलेल्या माणसाची आठवण काढा, रडा, पण त्याच्या तोंडी भगताला शब्द घालू देऊ नका. अजब काही दिसलं तर हात जोडायच्या आधी त्याच हातानं वायर काढून बघा.