अंदाज्याची चूक

मोहफुलांच्या दिवसांत आमच्या ओसरीवर एक अस्वल येऊन बसायचं, हे चिचगडात सगळ्यांना ठाऊक आहे. कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं आहे. फुलं खाऊन त्याला चढायची, मग ते पत्ते मागायचं आणि हरलं की रडायचं. खोटं वाटत असेल तर अस्वलाला विचारा.

हल्ली विचारायलाही कोणी येत नाही. बायको धुरपता गेल्यापासून ओसरीत मी आणि माझी खाट. बसमधून माणसं उतरतात, "का पुनाराम, बरा हायेस ना?" असं चालता चालता म्हणतात आणि मी तोंड उघडेपर्यंत वळणापलीकडे गेलेली असतात. थापा ऐकायच्या तर मोबाइलात फुकट मिळतात. त्यासाठी म्हाताऱ्यापाशी कोण बसणार?

म्हणून गावातल्या शालीकरामची लेक पुष्पांजली लॅपटॉप घेऊन ओसरीत आली, तेव्हा आधी मला वाटलं, हिचं घर चुकलं. ही हैदराबादेत संशोधन करते. कॉम्प्युटरमधली गुपितं चोर कशी पळवतात, ते शोधते. सुट्टीत गावी आली होती.

"आबाजी, मले तुमच्या थापा पायजे."

"कायले? हैदराबादच्या सरल्या का?"

मग तिनं समजावलं. कॉम्प्युटरच्या चिपमध्ये म्हणे अंदाज बांधणारा एक भाग असतो. पुढचं काम सांगायच्या आधीच तो ते ओळखून करून ठेवतो. जसं मी खोकलो की धुरपता चहा टाकायची, तसं. अंदाज चुकला तर केलेलं फेकून देतो. पण चहा फेकला तरी गंज, म्हणजे चहाचं पातेलं, गरम राहतोच ना? त्या गरम गंजाला हात लावून चोर ओळखतो, या घरात काय शिजत होतं. पुष्पांजली आणि तिच्यासोबत काम करणारा हिमांशु मिळून चोराला माग लागू न देणारा नवा अंदाज बांधणारा घडवत होते. हिमांशु चिपची रचना पाहायचा, ओळखायची रीत हिची. मी त्याचं नाव ठेवलं अंदाज्या. त्याची परीक्षा घ्यायला असं काहीतरी हवं होतं, की ज्यात पुढे काय होणार हे कोणाच्या बापाला सांगता येऊ नये.

"मंग मले तुमीच आठवले," ती म्हणाली.

एवढा मान माझा कोणी केला नव्हता.

"आन त्यानं मले ओळखलं तं?"

"मंग माझं काम झालं. मी चालली परत."

म्हणजे अंदाज्या हरत राहील तोवर ही रोज दुपारी येणार. तो जिंकला की ओसरी पुन्हा रिकामी. मी मिशीवर हात फिरवला आणि जीव लावून खोटं बोलायला बसलो.

सारस पक्ष्यानं लांब पायांनी माझी धानाची बांधी कशी मोजली आणि तलाठ्याची चूक कशी काढली, ते सांगितलं. आमच्या कोहळी पूर्वजांनी बांधलेल्या तलावातली बुढी वाघूर मासळी काठाची पाळ चढून पाणीवाटपाची तक्रार घेऊन आली, भात खाऊन गेली, तेही सांगितलं. मधेमधे मी थांबायचो, लॅपटॉपमधला अंदाज्या पुढचं पडद्यावर ओळखायचा: कोणी येणार, कोणी जेवणार, भांडण होणार. तो चुकला की मी टाळी वाजवायचो. पुष्पांजली हसायची.

"तिकडं सोबत्यांसंग अशी हासतेस का?" मी एकदा विचारलं.

"तिकडं कोण बोलून राहिलं, आबाजी? एका खोलीत बसतो आन एकमेकाले मेसेज पाठवतो. मी तीन वर्षं का करून राहिली, हे घरीबी कोणाले सांगता येत नाही."

"मले सांगितलं ना."

"तुमी गरम गंजाचं म्हणालात तवा मलेच पहिल्यांदा नीट समजलं."

मग एका दुपारी अंदाज्या जिंकू लागला. मी थांबलो की तो म्हणे: पाहुणा येणार. आणि पुष्पांजली पडद्यावरचा ताळा पाहून म्हणे, बरोबर. पडद्यावरची रांग तिनं मला दाखवली. "पाहा ना. पाहुणा आला, पाहुणा आला. तुमच्या गोष्टीत सारे येतेतच. जात कोणीच नाही."

मी चष्मा लावून रांग पाहिली आणि हसू आवरेना.

"अवो बाई! अस्वल उठलं आन म्हणालं, येतो. सारस म्हणाला, येतो. ते चालले ना घरी!"

ती कपाळावर हात मारून बसली. कोणत्या शब्दाला कोणी आलं समजायचं आणि कोणत्याला गेलं, ती यादी हिमांशुनं केली होती. गोंदियाचा पोरगा, पण घरात हिंदी. तिनं त्याला तिथूनच फोन लावला.

"येतो मतलब आना ही ना?" तो म्हणाला.

"अरे, जाते टाइम बोलते हैं. येतो मतलब जाना."

"मतलब मराठी में जाते-जाते झूठ बोलते हैं?"

"जातो म्हणू नये, अशुभ रायते!" मी फोनकडे तोंड करून ओरडलो. अंदाज्या हरला होता. मी उठून दोन कप चहा टाकला.

चूक सुधारून तिनं माझ्या साऱ्या थापा पुन्हा त्याच्यापुढे ठेवल्या. चहा पिऊन झाला तरी ती पडद्यावरच्या रांगेवर बोट फिरवत होती.

"का झालं?"

"आता तं तो चुकतच नाही, आबाजी." तिचा आवाज खाली गेला. "कोणी आलं, बसलं, हासलं, की तो सांगते, आता हे जाणार. आन जातेच. एकबी कोणी राहिलं नाही का?"

"ओसरी लहान पडते, पोरी."

मी म्हटलं, एक शेवटची ऐक. वाघीण आली. खाटेवर बसली. म्हणाली, मला इथंच बरं वाटते. मी थांबलो. अंदाज्या म्हणाला: जाणार. मी वाघिणीला चहा दिला, पान दिलं, धुरपताची गोधडी दिली. तरी त्याचं एकच: जाणार. पुष्पांजली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पुष्कळ जीभ वळवली, पण साऱ्या आयुष्यात दुसरा शेवट मी कधी केलाच नव्हता. वाघीण उठली आणि म्हणाली, "येते."

देवरीकडची बस यायच्या आधी पुष्पांजली बॅग घेऊन निरोपाला आली. जाताना काय देऊ म्हणाली, तेव्हा मी तो पहिला, चुकलेला अंदाज्या मागितला. तिनं तो एका जुन्या मोबाइलात घालून दिला.

"पण हा चूक सांगते, आबाजी."

"सांगू दे."

ती पाया पडली. "येते, आबाजी."

खाटेवरचा मोबाइल उजळला: पाहुणा आला. आम्ही दोघांनी तो पाहिला. मग बसचा हॉर्न वाजला.

नव्या अंदाज्याचं तिकडं कौतुक झालं म्हणे. माझा जुना माझ्यापाशीच आहे. दुपारी मी त्याला गोष्टी सांगतो. अस्वल उठतं, येतो म्हणतं, आणि तो लिहितो: पाहुणा आला. सारस, मासळी, वाघीण, सगळ्यांचं तेच. गेलेलं कोणी नाही. आता ओसरीत इतकी दाटी झाली आहे की खाट सोडून मला पायरीवर बसावं लागतं.

खोटं वाटत असेल तर येऊन पाहा.