आठव्या डावातला फटका

बेसबॉलचा चेंडू गवताच्या कडेवर आपटला, भलताच उसळला आणि तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या मायलो सेडलाकच्या मनगटाला लागून बाजूला घरंगळला. फलंदाज धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला. मैदानातली सगळी डोकी मागे वळून वरच्या काचेच्या खोलीकडे पाहू लागली.

तिथे वर्नाबाई बसल्या होत्या. सामन्याच्या अधिकृत नोंदणीकार, शाळेतून निवृत्त झालेल्या भूमितीच्या बाई, आणि मायलोची आई. मुलगा गावच्या संघात आला त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला होता. संघाने तो हसून परत केला होता.

हा फलंदाजाचा हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर कमावलेला बेस, की मायलोची चूक, हे त्यांनी ठरवायचं होतं. चूक म्हटलं, तर गावच्या संघाकडून चेंडू टाकणाऱ्या पिचर टिलरीचा विक्रम शाबूत राहत होता. नऊपैकी आठव्या डावापर्यंत त्या पोराने एकालाही हिट मिळू दिला नव्हता. खाणी बंद पडल्यापासून गावाने छाती फुगवून सांगावं असं एवढंच काय ते घडत होतं.

"बाई, चूकच ना?" निवेदक गसने माइक हाताने झाकत विचारलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

वर्नाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हिट."

"बाई, लोक म्हणतील, पोराला पाठीशी घातलं."

"म्हणू देत. तू जाहीर कर."

गसने जाहीर केलं आणि एकच गिल्ला झाला. "आईच्या मागे लपतोस काय रे, मायलो!" कुणीतरी ओरडलं. सरबताचा एक पेला काचेवर येऊन आदळला. बाईंनी पेन्सिलीने वहीत हिटची नोंद केली.

सामना गावानेच जिंकला, तरी लोक मुकाट्याने गाड्यांकडे गेले.

मायलो वर आला तो धुळीने माखलेल्या कपड्यांतच. मनगटावर बर्फाची पिशवी होती.

"आई, उद्यापर्यंत निकाल बदलता येतो. बदल."

"का?"

"चूक माझी आहे. माझा हा शेवटचा मोसम, मला एका चुकीने काय फरक पडतो? टिलरीचं अख्खं आयुष्य पुढे आहे."

"तुझी चूक असती तर मीच सगळ्यांच्या आधी लिहिली असती."

"दहा वर्षांपूर्वी मी तो पकडला असता, आई."

"दहा वर्षांपूर्वीही तो तुझ्या मनगटालाच लागला असता," बाई म्हणाल्या. "हात जिथे हवा तिथेच होता तुझा. चेंडू तिथे आला नाही."

मायलोने मनगटावरची बर्फाची पिशवी जरा सरकवली. बाईंनी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. चूक अंगावर ओढून घ्यायला वर चढून आलेलं हे पोर आपलं होतं.

दार वाजलं. बाहेर पाहुण्या संघाचा तो फलंदाज टोपी हातात घेऊन उभा होता. लीलंड ओक्स. व्यवसायाने वेल्डर. त्यांचा नेहमीचा खेळाडू सकाळी जायबंदी झाला, म्हणून एका दिवसाच्या करारावर त्याला आणलं होतं. उद्या तो पुन्हा कामावर जाणार होता.

"माफ करा हं, मॅडम. एकच विचारायचं होतं." त्याची नजर बाईंवरून मायलोवर गेली आणि तो ओशाळला. "तो हिटच राहणार ना? खाली आमची पोरं म्हणत होती, निकाल बदलूही शकतो. म्हणजे, माझा हा एकुलता एक हिट, घरी फोन करायचाय. बदलणार असेल तर राहू दे, उद्या करतो."

बाई उत्तर द्यायला वळल्या.

"करा फोन," मायलो म्हणाला. "जोरदार होता फटका. मला कसला पकडता येतोय तो!"

आणि बर्फाची पिशवी टेबलावर ठेवून, सुजलेलाच हात त्याने ओक्सपुढे केला.