प्लातोनची खाच

आमच्या दोरवाल्यांच्या आळीत आता दोर कुणीच वळत नाही. व्होल्गेवरची गलबतं गेली, त्यांच्याबरोबर तो धंदाही गेला. आडवे ओंडके रचून बांधलेली लाकडी घरं तेवढी राहिली. आमच्या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात अवगुस्ता आजी राहते. दात येताना माझी लेक उस्त्या रडायला लागली की आजी पलीकडून भिंत ठोकते, "आण गं तिला इकडे, तुझ्या हातात दम नाही."

वाचनालयातली रिम्मा आळीचा इतिहास लिहिते आहे. मे महिन्यात ती मोजपट्टी घेऊन आली, ती घराच्या कोपऱ्यावरची खाच मोजायला. आजी सात वर्षांची असताना मोठा पूर आला होता. स्वतःच्या हनुवटीपर्यंतच्या पाण्यातून तिच्या बाबांनी, प्लातोनने, तिला खांद्यावर बसवून नेलं, आणि पाणी ओसरल्यावर त्या पातळीची खूण ओंडक्यात कोरून ठेवली. पण खाच आजीच्या डोक्याच्याही वीतभर वर आहे. आळी अजून हसते, "प्लातोनची हनुवटी टाळूवर होती!"

रिम्मा दोनदा मोजून म्हणाली, "आजी, रागावू नका. चर्चच्या भिंतीवरच्या त्याच पुराच्या खुणेपेक्षा ही गुडघाभर उंच भरते. पुस्तकात नाही घेता येणार."

"म्हणजे माझा बाप थापाड्या?"

"तसं नाही हो..."

"तसंच! मेल्यावरही सुटका नाही बिचाऱ्याची." आजी पायरीवर बसली. तिचा एवढासा झालेला चेहरा मला बघवेना.

उस्त्या कोपऱ्याशी बसून ओंडक्यांच्या टोकांवर थापट्या मारत होती. तिला उचलायला वाकले, तर वरची सगळी टोकं कुऱ्हाडीने तोडलेली, ओबडधोबड. तळाची दोन मात्र करवतीने कापलेली, गुळगुळीत, म्हणजे नंतर घातलेली.

"आजी, हे घर कधी जॅकवर उचललं होतं का?"

"छे! कुजके ओंडके बदलले होते फक्त. मी तेव्हा माझ्या लेकीच्या, लिदाच्या वेळी, बाळंतपणाला इस्पितळात होते. घरी आले तर..." ती थांबली. "घरी आले तर पायऱ्या चढवेनात. मला वाटलं, बाळंतपणाने पाय जड झालेत. नवऱ्याला म्हटलंसुद्धा. तो मेला नुसता हसला."

"बदलले नाहीत, खाली दोन ओंडके जास्तीचे घातलेत, आजी. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून. घराबरोबर खाचही वर गेली."

रिम्माने खाचेपासून दोन ओंडके खाली मोजून खडूने रेघ मारली. चर्चच्या खुणेशी ती बरोबर जुळली.

आजी उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या हनुवटीशी आली.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "बाबा माझ्याएवढेच होते. मला तर घराएवढे वाटायचे."

मग तिने हात पुढे केले. मी उस्त्याला तिच्या खांद्यावर बसवलं आणि मागून धरून राहिले.